नॉर्डालची हजेरी

मी मूळची लिपाची. नॉर्डालला सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "या गावात तीन गोष्टी विचारायच्या नाहीत. कॉफीचा हा कितवा कप, पाद्री कधी थांबणार, आणि घंटेचा शेवटचा टोला कशासाठी." पहिल्या दोन गोष्टी विचारण्यात अर्थ नाही हे महिन्याभरात कळलं. तिसरी कळायला पहिलं हिमवादळ यावं लागलं.

लिपा, हाइमताल आणि नॉर्डाल ही आमच्या काउंटीतली, म्हणजे जिल्ह्यातली, समुद्रापलीकडून आलेल्यांनी वसवलेली तीन गावं. रेल्वेच्या एकाच रुळावर आठ-आठ मैलांनी बसलेली, पण एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ. वादळ आलं की लिपातली आमची बोहेमियन माणसं दाराला कडी घालतात, वाजवायला बाजा काढतात, आणि कोण कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी बघतात. हाइमतालचे जर्मन गावाच्या चारी कोपऱ्यांना कंदील टांगतात आणि आपला कोणी आधी विझू दिला यावरून उन्हाळाभर भांडतात. नॉर्डालचे नॉर्वेजियन मात्र माणसं मोजतात.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावाचा टेलिफोन आमच्या घरात होता. पुढच्या खोलीत भिंतीला लागून फळी, फळीवर प्रत्येक घराचं एक भोक आणि त्यावर एक छोटी पितळी झडप. कोणी आपल्या घरी हँडल फिरवलं की त्याची झडप माझ्यासमोर पडे, आणि मी तार लावून विचारी, कोण हवंय? वादळात याच्या उलट. चर्चची घंटा सुरू झाली की मी एकेका घराला क्रमानं तार लावायची आणि दोनच शब्द विचारायचे. "आत किती?" पलीकडून फक्त आकडा यायचा. "चार." "सहा." शाळेतून "एकोणतीस." नावं नाहीत, गप्पा नाहीत. एरवी नमनाला घडाभर तेल घालणारी ही माणसं त्या वेळी आकड्यापलीकडे अक्षर बोलायची नाहीत. जो दुसऱ्या गावी अडकला असेल त्याच्याबद्दल त्या गावची टेलिफोनवाली कळवायची. मी पाटीवर बेरीज करून चर्चमध्ये हेल्मरकाकांना सांगायची. ते घंटेचा दोर धरून बसलेले असायचे आणि फोन त्यांच्या डोक्याशीच होता.

ज्या वादळाची ही गोष्ट, त्या वर्षी गावाची संख्या होती एकशे त्रेचाळीस. एकशे बेचाळीस भरले की हेल्मरकाका घंटा थांबवत, एक प्रार्थना म्हणण्याइतका वेळ जाऊ देत, आणि मग एकच टोला देत. तो आमुंड लिएनसाठी.

आमुंड हा अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या वादळात शाळेतून येताना हरवलेला नऊ वर्षांचा मुलगा. तो सापडला नाही. आणि नॉर्डालमध्ये जो सापडला नाही त्याला मेला म्हणत नाहीत. बाहेर आहे, म्हणतात.

"मेलेल्या पोराला मोजता, आणि अंधश्रद्धाळू म्हणे लिपावाले!" मी एकदा नवऱ्याला, टोर्लीफला, म्हणाले.

"मेलाय असं तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. चेहरा अगदी सरळ. नॉर्वेजियन माणूस थट्टा करतोय की श्रद्धा सांगतोय हे त्याच्या तोंडावरून कधी कळत नाही. पंचवीस वर्षं संसार केला तरी कळत नाही.

आणखी एक नियम होता आणि हेल्मरकाकांना तो पाद्र्याच्या दहा आज्ञांपेक्षा मोठा वाटायचा. माणसं भरली की घंटा वाजवायची नाही. एक ठोकाही जास्त नाही. "हाक मारली, ती माणसं आली, की तोंड मिटायचं, पोरी," ते म्हणायचे. "नाहीतर दुसरंच कोणीतरी ओ देतं." त्यांच्या वडिलांच्या वेळी कोणा उत्साही माणसानं तासभर जास्त वाजवली होती. सकाळी चर्चच्या दारापर्यंत बर्फात पावलं उमटलेली होती म्हणे, अनवाणी, सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही. मी हसले होते तेव्हा. काका हसले नव्हते.

एकोणीसशे एक्कावन्नच्या फेब्रुवारीतली ती सकाळ इतकी उबदार होती की वळचणीचं पाणी टपटपत होतं. टोर्लीफ दोन घोडे जोडून, घसरगाडीवर गवत लादून नदीकाठच्या कुरणात गुरांना घालायला निघाला. कोटाची बटणं उघडी.

"टोपीचे कान तरी बांध," मी म्हणाले.

"लिपात टोप्यांना कान असतात होय? मला वाटलं तुम्ही वाऱ्याला बाजा ऐकवून पळवून लावता."

"जा मर."

हे मी म्हणाले. बायका रोज म्हणतात तसंच. पण म्हणाले.

एकच्या सुमाराला वायव्येकडे आभाळाच्या जागी एक निळसर काळी भिंत उभी राहिली. मी खिडकीपाशी जाईपर्यंत समोरचं दुकान दिसेनासं झालं, मग आमचंच कुंपण, मग खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. पांढरं. बादलीत डोकं घालावं तसा आवाज. आणि त्या आवाजातून घंटा सुरू झाली.

मी कानाला फोन अडकवला, पाटी घेतली. काम सरावाचं होतं. नदीकाठाहून येताना सव्वा मैलभर उघडं रान आहे, आणि त्या रानात टोर्लीफला दिसण्यासारखं काही नाही. ऐकू येण्यासारखी मात्र एक घंटा आहे. म्हणून घंटा वाजत राहिली पाहिजे, आणि तो येईपर्यंत ती वाजत राहणारच, कारण तो आल्याशिवाय संख्या भरणार कशी? नॉर्डालच्या या खुळावर मी बारा वर्षं हसले होते. त्या दुपारी मला त्याचा काय आधार वाटला ते मी सांगू शकत नाही.

"आत किती?" "पाच." "आत किती?" "दोन, आणि एक वासरू." "वासरू नको, बेर्निस." "आत किती?" "तीन."

आकडे लिहीत गेले. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली होती; आमच्या घरापुढे मी एक लिहिलं, म्हणजे मी. हाइमतालहून तिथली टेलिफोनवाली म्हणाली, तुमचे दोघं इथे सुखरूप आहेत, जेवतायत. शेवटची झडप संपली, मी बेरीज केली आणि नेहमीच्या सवयीनं बोलून गेले, "हेल्मरकाका, एकशे बेचाळीस."

घंटा थांबली.

एक प्रार्थना म्हणण्याइतका वेळ गेला. मग एकच टोला. आणि मग फक्त वारा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टोर्लीफ बाहेर. म्हणजे बेरीज एकशे एक्केचाळीस व्हायला हवी होती.

मी पुन्हा तार लावली. "काका, थांबू नका! टोर्लीफ आलेला नाही!"

"संख्या भरली ना?"

"भरली, पण तो घरी नाही."

"तुझ्या घरी नसेल. दुसऱ्या कोणाच्या तरी आहे. जवळचं दार दिसलं की माणूस तिथे घुसतो. बसला असेल कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पाय शेकत, आणि तू इथे जीव टांगणीला लावून बसलीयस."

"वाजवा हो तोवर. पाया पडते."

"व्लास्ता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दगडासारखा झाला. "भरल्यावर मी वाजवणार नाही. तुला कोण हवंय ते मला ठाऊक आहे. पण दोर ओढल्यावर कोण येईल ते मला ठाऊक नाही. तू तो जास्तीचा एक कुठे आहे ते शोध. नसला तर आकडा दुरुस्त कर. मी दोर हातात धरूनच बसलोय."

राग आला होता मला. ज्याचं जळतं त्याला कळतं, काकांचं कोण बाहेर होतं? पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुठेतरी एक जास्त होता, आणि तो टोर्लीफच असणार. मी पाटीवर बोट ठेवून एकेक घर बघत गेले. प्रत्येक घरची माणसं मला तोंडपाठ होती. पाच, बरोबर. दोन, बरोबर. शाळा, बरोबर. बोट खाली सरकत सरकत शेवटच्या ओळीवर आलं. ओलीना लिएन. दोन.

ओलीनाआत्या एकटी राहायची. तिच्या घरून बारा वर्षांत "एक" सोडून दुसरा आकडा मी ऐकला नव्हता. आकड्यांच्या भरात मी तो ऐकला, लिहिला आणि पुढे गेले होते. आणि तिचं घर गावाच्या पश्चिम टोकाला शेवटचं, नदीकाठाहून येणाऱ्या माणसाला पहिलं लागणारं! मला इतकं हसू फुटलं की तार भोकात जाईना.

"आत्या! टोर्लीफ आहे ना तुझ्याकडे? दे त्याला फोन, चांगली हजेरी घेते त्याची."

"टोर्लीफ? नाही ग बाई. तो कशाला येईल?"

"मग तू दोन म्हणालीस ते?"

"दोनच आहोत." तिचा आवाज हलका, तरुण झाला होता. सत्तर वर्षांची बाई, पण त्या दिवशी फोनवर ऐकलं असतं तर कोणी वीस म्हणालं असतं. "आमुंड आलाय, व्लास्ता."

माझं बोट पाटीवरच्या त्या दोनवर तसंच राहिलं.

"मी कॉफी ठेवत होते, तर दार वाजलं. उघडलं तर हा उभा. काय वाळलाय ग! हातात मोजा एकच. मी म्हटलं, दुसरा कुठे टाकलास, आई मारेल. तर हसतोय." मग फोनपासून तोंड वळवून, गोड दटावणीच्या सुरात, "हळू खा रे, भाजेल."

आणि मला ऐकू आलं. वाडग्यावर चमचा लागल्याचा आवाज. एकदा. मग पुन्हा, भुकेल्या माणसाचा लागतो तसा भराभर.

मग मी स्वतःला दटावलं. म्हातारी भ्रमलीय. स्वतःच खातेय, स्वतःशीच बोलतेय. एकटी बाई, वादळ, आणि हरवलेल्या भावाची आयुष्यभराची ती एकच आठवण. या बाईवर माझा जीव होता, हे सांगायला हवं. नॉर्डालमध्ये माझं नाव धड उच्चारणारी ती पहिली. नाताळला बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, गरम फडक्यात गुंडाळून आणायची आणि सासूबाईंसमोर म्हणायची, लिपावाल्या सुनेला दोन जास्त.

"आत्या, ऐक. तिथे कोणी नाहीये."

"तू इथे आहेस का? मी आहे."

"आत्या, तू दोन म्हणालीस म्हणून संख्या भरली. काकांनी घंटा थांबवली. आणि टोर्लीफ बाहेर आहे. नदीकाठच्या कुरणातून यायचाय. त्याला ऐकायला काही नाही आता."

पलीकडे चमचा थांबला.

"घंटा थांबली होय," ती म्हणाली. "मला वाटलं माझे कानच गेले."

"एक म्हण, आत्या. तू एक म्हणालीस की मी काकांना सांगते आणि ते वाजवायला लागतात. बाकी काही नको. फक्त एक म्हण."

"तुला ठाऊक आहे, मी सात वर्षांची होते," ती म्हणाली. "हात धरून येत होतो आम्ही. दाराशी आल्यावर मी हात सोडला आणि आत पळाले. आई स्टोव्हपाशी, पाठमोरी. तिनं विचारलं, दोघं आलात? मी म्हटलं, दोघं. तो मागेच होता ना. बाबा अंगणात घंटा वाजवत होते, आई त्यांना ओरडून म्हणाली, आली दोघं, थांबवा. त्यांनी थांबवली." तिनं श्वास घेतला. "त्यानंतर मी आकडा कधी खोटा सांगितलेला नाही, व्लास्ता. आज तर नाहीच नाही. दोन आहोत."

"तो जाऊन त्रेसष्ट वर्षं झाली!" मी ओरडले. "माझा आज गेलाय! तुझा मेलाय आत्या, माझा जिवंत आहे अजून! मेलेल्यासाठी माझा माणूस मारतेस तू?"

नॉर्डालमध्ये जो शब्द कोणी उच्चारत नाही तो मी तिच्या तोंडावर दोनदा फेकला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तो आता कुठे गरम व्हायला लागलाय ग," ती म्हणाली, अगदी हळू. "मी एक म्हटलं की त्याला पुन्हा जावं लागेल."

"एक म्हण, आत्या."

"एक म्हणायचं तर एक असायला हवा ना."

"मग असू दे एक!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन तिनं ठेवला नाही, नुसता लोंबत सोडला. भिंतीवर ठक ठक आपटत होता तो. पावलं. कोणाशी तरी काहीतरी बोलली, जुन्या देशाच्या भाषेत, मला शब्द लागले नाहीत. कपाट उघडल्याचा आवाज. मग दाराचा अडसर, आणि दार उघडलं तसा सगळा वारा तारेतून माझ्या कानात शिरला. मग दार लागलं आणि वारा तुटला.

"आत्या?"

फोन भिंतीवर एकदा आपटला आणि स्थिर झाला.

मी वीसपर्यंत मोजलं. मला वाटलं, तिनं त्या नसलेल्या पोराला बाहेर घातलं आणि आता ती स्टोव्हपाशी बसून रडत असेल. असं वाटलं, की असं वाटून घेतलं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. तिची तार तशीच ठेवून मी दुसरी तार चर्चला लावली.

"काका, ओलीनाआत्याचा आकडा चुकला होता. एक आहे. एकशे एक्केचाळीस."

"तिच्या तोंडून ऐकलंस?"

"हो."

"एक म्हणाली?"

"एक म्हणाली."

काकांनी पुढे काही विचारलं नाही. घंटा वाजू लागली. मी फळीवर डोकं टेकलं आणि ठोके मोजत राहिले. पाचशेच्या पुढे चुकले, पुन्हा एकपासून सुरुवात केली.

पाऊण तासानं काहीतरी मागच्या दारावर आदळलं. उघडलं तर टोर्लीफ. पापण्या गोठून बंद, मिशा नि कॉलर एक झालेल्या, कानांना रंगच नाही. मी त्याला ओढून आत घेतलं. त्याला बोलता येईना. मग ओठ सुटले तसं म्हणाला, "बसलो होतो मी."

"कुठे बसला होतास?"

"रानात. घोडे सोडून दिले. घंटेच्या रोखानं येत होतो, तर ती थांबलीच. मला वाटलं, मला सोडून सगळे भरले. मग म्हटलं, बसावं थोडं. झोप येत होती, छान वाटत होतं." त्याचे दात वाजत होते. "मग पुन्हा वाजायला लागली. उठावंसं वाटत नव्हतं, खरं सांगतो. पण म्हटलं, ज्या अर्थी वाजतेय त्या अर्थी त्यांना एक कमी पडतोय."

मी चर्चला तार लावून ओरडले, "आला! टोर्लीफ आला!" हेल्मरकाकांनी "देवाची दया" म्हटलं, घंटा थांबवली, प्रार्थनेपुरते थांबले आणि एक टोला दिला. त्या टोल्याकडे माझं लक्षही नव्हतं. मी त्याचे बूट कापून काढले, पाय गार पाण्यात घातले, त्याला शिव्या दिल्या, त्याचे गाल चोळले, रडले, पुन्हा शिव्या दिल्या. तो म्हणाला, "टोपीला कान असतात हे आता पटलं." मी इतकी हसले की मला उचकी लागली. अर्धा तास तरी गेला असेल. इतकं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कधी झालेलं नाही, आणि ते सुख म्हणजे काय होतं ते पुढच्या क्षणी कळलं.

कॉफी आणायला उठले तेव्हा फळीकडे नजर गेली. लिएनच्या भोकात तार अजून लावलेली होती.

मी फोन कानाला अडकवला. तार उघडी होती. पलीकडे खोली होती, हे कळतं ऐकणाऱ्याला. घड्याळाची टिकटिक येत होती.

"आत्या?" मी म्हटलं. उत्तर नाही. मग का कोण जाणे, बारा वर्षांची सवय असेल, मी विचारलं, "आत किती?"

फोन भिंतीवर घासल्याचा आवाज आला. कोणीतरी तो उचलला. दोन्ही हातांनी ओढून घ्यावा तसा.

"एक," असं कोणीतरी म्हणालं.

लहान मुलाचा आवाज. थंडीनं घोगरा झालेला, पण मुलाचा. शब्द नॉर्वेजियन, माझ्या सासूबाई म्हणायच्या त्या जुन्या वळणाचा. भीतीचा लवलेश नव्हता त्यात. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं त्यानं दिलं होतं. आणि मी काही बोलत नाही असं बघून त्यानंच विचारलं, "घंटा का थांबवली?"

टोर्लीफनं काय झालं म्हणून विचारलं. मी चर्चची तार लावली आणि काकांना सांगितलं, वाजवा, ओलीनाआत्या बाहेर आहे. ते म्हणाले, एकशे बेचाळीस भरलेत. मी म्हटलं, ती नाहीये त्यात, मी खोटं बोलले होते, वाजवा! पुढचा प्रश्न न विचारता काकांनी दोर ओढला.

टोर्लीफ उठला. त्या फुगलेल्या पायांनी उभा राहिला. "तिच्या कुंपणाला हात लावूनच आलो मी," तो म्हणाला. "फार तर तीनशे पावलं. दोर बांधून जातो, बघून येतो."

बूट मी कापले होते. पण त्याच्या वडिलांचे दाराशी होते. मी ते उचलले आणि स्टोव्हमध्ये घातले. तो माझ्याकडे बघत राहिला. चामडं जळल्याचा वास घरात दोन दिवस होता.

घंटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजली. काकांचे तळहात सोलून निघाले तेव्हा शाळामास्तरांनी दोर धरला, मग पाद्र्यांनी. वादळ उतरल्यावर पुरुष आत्याच्या घरी गेले. दार आतून अडसर घालून बंद होतं. फोडावं लागलं. स्टोव्हमध्ये निखारा होता, टेबलावर दोन वाडगी, दोन्ही पुसून खाल्लेली. कपाटात आत्याचा कोट नव्हता. फोन जागच्या जागी नीट टांगलेला होता. घरात कोणी नव्हतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सगळं गाव हातभर अंतरानं रांग करून नदीपर्यंत चालत गेलं. लिपातूनही माणसं आली, हाइमतालहूनही, आणि त्या दिवशी कोणी कोणाची थट्टा केली नाही. आमचे दोन घोडे सापडले. आत्या सापडली नाही.

अडसराचा उलगडा कोणाला झाला नाही, आणि नॉर्डालमध्ये ज्याचा उलगडा होत नाही त्याबद्दल कॉफी पितात. म्हातारी भ्रमली आणि भावाला शोधायला बाहेर पडली, असं ठरलं. हेल्मरकाकांनी माझं खोटं कोणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर मी आकडा दिला की ते दर वेळी विचारायचे, "ऐकलंस ना?" मरेपर्यंत विचारत राहिले.

टोर्लीफ आणखी तेरा वर्षं जगला. चांगला जगला. दोन मुली आम्हाला त्यानंतर झाल्या. त्यानं त्या दुपारविषयी एकदाच विचारलं, आजारपणात, अगदी शेवटी शेवटी.

"तू आत्याला काय म्हणालीस ग तेव्हा?"

"आत किती, म्हणून विचारलं."

त्यानं माझा हात शोधून धरला. त्याला कळलं होतं असं मला वाटतं.

आता मला सगळे विचारतात, व्लास्ताआजी, एवढी वर्षं फळीवर बसलीस, एखादी चूक नाही झाली तुझ्या हातून? मी म्हणते, एकदा झाली. मग ते पुढची गोष्ट ऐकायला सरसावून बसतात आणि मी विषय बदलते. काय सांगू? मी चुकले म्हणायचं तर पश्चात्ताप व्हायला हवा. रात्रंदिवस मी तो करून बघितला. आत्यासाठी जीव तुटतो, अजून तुटतो. पण ती दुपार मनात पुन्हा उभी केली, वारा, थांबलेली घंटा, रानात झोपायला बसलेला माझा माणूस, की माझ्या तोंडून तेच वाक्य येतं, तितक्याच जोरानं. एक म्हण, आत्या. हजार वेळा उभी केली, हजार वेळा तेच. तो पोरगा कोण होता याची मला भीती वाटत नाही. मला माझीच वाटते.